जायचं ठरलं, तर सांगून जा



परदेशी जाण्याची तयारी हा आजचा विषय. आपल्या वणी गावाला तो नवा नाही. 1880 साली वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे 1943 मध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. पण त्यांच्या पाठीशी सरकार होतं. मला बोलायचंय ते पाठीशी कुणी नसताना निघणाऱ्यांबद्दल. त्यासाठी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला जावं लागेल.

24 फेब्रुवारी 1883. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या. वयाला अठरा वर्षंही पूर्ण नव्हती. डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला जाणार म्हटल्यावर लोकांनी त्यांना भंडावून सोडलं होतं. त्यांनी त्यातले सहा प्रश्न घेतले आणि भरसभेत, इंग्रजीतून, एकेकाचं उत्तर दिलं. का जाता? इथे शिकण्याची सोय नाही का? एकट्याच का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? तिकडे काही बरंवाईट झालं तर? कोणत्याच बाईने केलं नाही ते तुम्हीच का करता?

मंडळी, हे भाषण म्हणजेच त्यांची तयारी होती असं मी मानतो. जे आपण रात्री अंथरुणावर पडून स्वतःला विचारतो, ते त्यांनी चारचौघांत मांडलं. आणि उघडपणे मांडण्याचा फायदा त्यांना आधीच मिळाला होता. पती गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी नियतकालिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटरबाईंनी ते वाचलं आणि 1880 पासून पत्रव्यवहार सुरू झाला. 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई 4 जूनला न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा रोझेलमध्ये त्यांच्यासाठी एक घर उघडं होतं.

आपल्याकडे आज उलटं चाललंय. पोराला इंग्लंडच्या विद्यापीठाचं पत्र येतं आणि आई सांगते, व्हिसा येईपर्यंत कुठे बोलू नको. त्या माऊलीची भीती मला कळते. नकार आला तर लोकांची तोंडं धरता येत नाहीत. पण या गुपितापायी पोराला ज्याने सांभाळायचं त्या शेजाऱ्यालाच काही कळत नाही. वाट दाखवायला उरतो एजंट.

कागदांचंच बघा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि आडनावाचे रकाने वेगळे. आधारवर तिसराच क्रम, आणि स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमीजास्त. जन्मगावाच्या रकान्यात आपल्या वणीचं पहिलं अक्षर एका कागदावर डब्ल्यू, दुसऱ्यावर व्ही. नाशिक जिल्ह्यातही एक वणी आहे, ते निराळंच. हे सगळं एकसारखं करून घ्यायला महिने जातात. दहावीतच कुणी लक्ष वेधलं असतं, तर एका अर्जात काम झालं असतं.

पैशाचंही तसंच. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसासाठी दाखवायची रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते, आणि खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं लागतं. काकाने माया करून स्वतःची ठेव पुढे केली, तरी ती त्याच्या नावावर असेपर्यंत उपयोगाची नाही. कापसाचे पैसे हाती येतात हिवाळ्यात, तिकडचं सत्र बहुधा सप्टेंबरात. मधल्या काळात पेरणी, बियाणं, खत. शेतकऱ्याच्या घरात हा हिशोब वर्षभर आधी, सगळ्यांना बसवून मांडावा लागतो.

आता आखाताबद्दल. आपल्या कोळसापट्ट्यातल्या वेल्डर-ड्रायव्हर पोरांना तिकडच्या नोकऱ्यांचे निरोप येतात. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर हा शेरा असतो. त्याला ठरावीक 18 देशांत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते. 1983 च्या कायद्याप्रमाणे एजंट नोंदणीकृत हवा, आणि त्याने 30 हजार रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. या कामगारांना प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचा. ही माहिती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. तरीही जो गुपचूप निघतो, तो दागिने मोडून लाखभर रुपये देतो आणि हाती पर्यटक व्हिसा घेऊन विमानात बसतो. त्याला अडवायला कुणी नसतं, कारण कुणाला ठाऊकच नसतं.

आनंदीबाईंचा पाचवा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. काही बरंवाईट झालं तर? घरात हा शब्द काढला की अभद्र बोलू नको म्हणतात. पण बोलायलाच हवं. पोरगा तिकडे आजारी पडला तर कुणाला फोन करायचा? इकडे बापाला रात्री नागपूरला हलवायची वेळ आली, तर गाडी कोण काढेल, दवाखान्यात सही कोण करेल, पैसे कोणत्या खात्यातून निघतील? ही नावं कागदावर लिहून, त्या त्या माणसाला विचारून ठेवा. मागे राहणाऱ्यांची तयारी झाली नसेल, तर जाणाऱ्याचं लक्ष तिकडे लागत नाही.

माझं एक मागणं आहे. महिन्यातला एक रविवार गावातल्या वाचनालयात यासाठी राखून ठेवा. परत आलेल्यांनी तिथे बसावं, तिकडे असलेल्यांनी फोनवरून बोलावं. ज्याला जायचंय त्याने कागदांची फाईल घेऊन यावं, ज्याला नकार आला त्यानेही यावं आणि नकाराचं पत्र वाचून दाखवावं. आज इथे अशी पाच-सात घरं नक्की बसलेली आहेत. सभा संपल्यावर थांबा, पहिल्या रविवारची तारीख आत्ताच ठरवू.