काडेपेटीतली मोटार



१९७०च्या सुमारास आमचा मामा बोटीवर नोकरीला होता. तो परदेशातून धातूच्या चिमुकल्या मोटारी आणी. थोरल्या भावाकडे अमेरिकेच्या ‘हॉट व्हील्स’, तर धाकट्याकडे विलायतेच्या ‘मॅचबॉक्स’. पलंगाची फळी कलती लावून शर्यती चालत. आम्ही बहिणींनी मात्र खाली बसून कोणती आधी आली, एवढेच सांगायचे. ‘‘मुलींना काय करायच्यात मोटारी?’’ हे ठरलेले उत्तर!

बहुधा हॉट व्हील्सच पुढे जाई. १९६८ साली निघालेल्या त्या मोटारींच्या चाकांचे आस तारेसारखे बारीक, त्यामुळे घर्षण कमी. मॅचबॉक्सनेही १९६९ पासून ‘सुपरफास्ट’ चाके काढली; पण धाकट्याच्या मोटारी त्याआधीच्या. पुढे १९९७ साली मॅचबॉक्स हे नावही हॉट व्हील्सच्याच मॅटेल कंपनीकडे गेले.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. लंडनच्या लेस्नी कंपनीतील जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येई. म्हणून त्यांनी तिला एक छोटासा पितळी रोडरोलर करून दिला. त्यातूनच १९५३ साली मॅचबॉक्सची मालिका निघाली. म्हणजे ज्या खेळण्याला आम्हांला हात लावू देत नसत, ते मुळी एका मुलीसाठीच घडले होते!

तेव्हा भगिनींनो, नातीने मोटार मागितली तर बाहुली पुढे करू नका. फळी कलती लावून द्या आणि मोटार तिलाच सोडू द्या.