यिंग रुओचेंग : एक चिनी नट

नट परकायाप्रवेश करतो असें आपल्याकडे म्हणतात. चिनी नट यिंग रुओचेंग यांच्या चरित्रांत या उक्तीची सत्यता पटते. १९२९ सालीं पेकिंग, म्हणजे आजचें बीजिंग, येथें त्यांचा जन्म झाला. त्सिंग्हुआ विद्यापीठांत परकीय भाषांचें अध्ययन करून १९५० सालीं ते राजधानींतील जनकला नाट्यसंस्थेंत दाखल झाले. लाओ शे यांच्या १९५८ मधील ‘चहागृह’ नाटकांत माणसांचा सौदा करणारा दलाल त्यांनीं हुबेहूब वठविला.

पुढें सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळींत १९६८ पासून तीन वर्षें त्यांना कारावास घडला. परंतु त्यांची वाणी कुंठित झाली नाहीं. १९८२ च्या ‘मार्को पोलो’ या दूरचित्रवाणी-मालिकेंत ते कुब्लाई खान झाले. १९८३ सालीं आर्थर मिलर यांचें ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ हें अमेरिकन नाटक त्यांनीं चिनी बोलींत उतरविलें आणि विली लोमन या नायकाची भूमिकाही स्वतःच केली. दिग्दर्शनास खुद्द मिलर आले होते. त्यांना चिनी भाषा अवगत नव्हती; तेव्हां यिंग हेच त्यांचे दुभाषी झाले. गांवोगांव हिंडणारा विक्रेता त्या प्रेक्षकांस अपरिचित. पण मुलावर सारी आशा ठेवून बसलेला बाप कोणत्या घरीं नसतो?

१९८७ च्या ‘द लास्ट एम्परर’ चित्रपटांत पदच्युत सम्राटाला माणसांत आणणारा तुरुंगाधिकारी त्यांनीं रंगविला. कोठडीचें दार आंतून पाहिलेल्या या नटानें तो अधिकारी क्रूर केला नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्या काळीं ते सांस्कृतिक खात्याचे उपमंत्रीही होते. २००३ सालीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचा विली लोमन मात्र चिनी रंगभूमीच्या इतिहासांत कायमचा नोंदला गेला आहे.