दार सताड उघडू नका, किल्ली शोधा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेच्या कार्यालयातल्या संगणकांचं जे काम यंदा झालं, ते सगळ्यांना कळेल असं सांगा, अशी संयोजकांची सूचना आहे. नागपूरला सर्व्हर सांभाळणं हाच माझा व्यवसाय, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

आपल्या शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं काही वर्षांपूर्वी स्कॅन करून कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरवर ठेवली होती. यंदा आपण सर्वांनी मिळून शाळेला विंडोज ११ चे नवे संगणक दिले. ते जोडले, तर एकावरूनही सर्व्हर उघडेना. तिकडे जात पडताळणीसाठी आजोबांची नोंद मागायला लोक कार्यालयात उभे. इतर मागासवर्गाच्या प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. शेतमजुराच्या घरी असा कागद बहुधा नसतो. असते ती शाळेतली एक ओळ. ती वेळेवर मिळाली नाही, तर नातवाचा प्रवेश अडतो.

विंडोज आणि लिनक्स ही दोन वेगळी घराणी. विंडोज ज्या भाषेत फाइली देते-घेते, तिचं नाव एसएमबी. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल नावाचा संशोधक विद्यार्थी होता. त्यानं आपला छोटा संगणक विभागाच्या युनिक्स सर्व्हरला जोडताना तारेवरून जाणारे संदेश वाचून ही बोली समजून घेतली आणि जानेवारी १९९२ मध्ये आपला प्रोग्राम सर्वांना मोफत दिला. पुढे नवं नाव हवं झालं, तेव्हा एस, एम, बी ही अक्षरं क्रमानं येणारे शब्द त्यानं संगणकातल्या शब्दयादीत शोधले. त्यातून 'सांबा' मिळालं. आपल्या शाळेचा सर्व्हर याच सांबावर चालतो.

फाइल उघडत नसेल, तर पाच प्रश्न खालून वर या क्रमानंच विचारावेत.

पहिला, रस्ता आहे का? तार, स्विच, पिंगला उत्तर. हे ठीक होतं.

दुसरा, पत्ता बरोबर आहे का? सर्व्हरचं नाव टाकून उघडत नाही, पण त्याचा आयपी क्रमांक टाकून उघडतो, तर दोष नावाचा. 'नेटवर्क'मध्ये सर्व्हर दिसत नाही, एवढ्यावरून तो बंद आहे असं समजू नये. ती यादी दाखवायची जुनी पद्धत नव्या विंडोजमध्ये राहिलेली नाही.

तिसरा, भाषा एक आहे का? तुमसरच्या बाजारात बालाघाटकडचा माणूस आला, की दोघांना येते ती बोली धरून सौदा होतो. संगणकही आधी तेच ठरवतात. आपल्या सर्व्हरवरची सांबाची आवृत्ती २०११ च्या आधीची. तिला फक्त पहिली एसएमबी येत होती. एसएमबीची दुसरी पिढी सांबात पक्की आली ती २०११ च्या ३.६ आवृत्तीपासून. नवी विंडोज पहिली बोली बोलतच नाही. आपला खरा अडसर हाच होता.

चौथा, ओळख पटते का? नाव-पासवर्ड न विचारता 'पाहुणा' म्हणून आत घेणं नव्या विंडोजला चालत नाही. अनेक जण संगणक सुरू करायचा चार आकडी पिन इथे टाकतात. तो पासवर्ड नव्हे.

पाचवा, परवानगी आहे का? इथे कुलपं दोन असतात. एक सामायिक फोल्डरचं, दुसरं त्या फाइलीचं. दोन्ही उघडावी लागतात.

यावर एक सोपा उपाय सुचवला गेला. नव्या संगणकांवर पहिली एसएमबी पुन्हा चालू करा, पाहुण्यांना मोकळीक द्या, दोन मिनिटांचं काम. मी नको म्हटलं, त्याचं कारण सांगतो. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' जगभर पसरला तो पहिल्या एसएमबीतल्या फटीतून. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्यानं तीच फट आणि चोरलेले पासवर्ड दोन्ही वापरले. त्यात मर्स्क समूहाची टर्मिनलं ठप्प झाली आणि आपल्या राज्यात न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबलं. जिथे आपल्या तीन पिढ्यांच्या जन्मतारखा आहेत, तिथे ते दार पुन्हा उघडायचं कशाला?

म्हणून आधी सगळ्या स्कॅनची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग सर्व्हर आणि सांबा नवे केले. प्रत्येकाला स्वतंत्र नाव-पासवर्ड दिला. नोंदी बदलण्याची मुभा फक्त कार्यालयाला, शिक्षकांना केवळ वाचण्याची. दोन दिवस लागले, पण जुनं दार बंदच राहिलं.

शेवटी एक गंमत झाली. काही फाइली तरीही सर्व्हरवर चढेनात. त्यांची नावं मराठीत आणि लांबलचक होती. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'प्रवेश' हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द, पण त्याची चिन्हं सहा आणि बाइट अठरा. म्हणजे साधारण ८५ चिन्हांत नाव संपवायचं. विंडोजचं मोजमाप वेगळं, म्हणून तिथे तेच नाव चालतं. नावं आखूड करा, मराठी सोडायची गरज नाही.

इथे बसलेल्या अनेकांची राइस मिल आहे, दवाखाना आहे, दुकान आहे. तिथेही एखादं सामायिक फोल्डर असेलच. त्यात कोणालाही शिरता येतं का, ते घरी गेल्यावर बघा. राउटरवरचं ४४५ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटला उघडं नाही ना, हेही विचारून घ्या. आणि सामायिक फोल्डर म्हणजे सुरक्षित प्रत, असं समजू नका. एका जागची फाइल पुसली, की ती सगळ्यांसाठीच पुसली जाते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. शाळेची एक प्रत आता लोखंडी कपाटात आहे. दुसरी गावाबाहेर ठेवायची आहे. ती डिस्क दर तीन महिन्यांनी नेणं-आणणं आणि फाइली खरोखर उघडतात का ते तपासणं, एवढं काम प्रत्येक बॅचनं एकेक वर्ष घ्यावं, ही माझी विनंती.

पहिलं वर्ष आमच्या बॅचचं. पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवायला वही कार्यालयात ठेवली आहे.