टिकटिकत फिरणारं चाक

पुण्यातलं हडपसर हे कारखान्यांचं गाव. इथल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वार्निशचा थर असलेली तांब्याची तार मिळते. ती आणली की घरीच पल्स मोटर, म्हणजे विजेच्या छोट्या धक्क्यांवर फिरणारं चाक, करता येतं.

जुन्या सीडीच्या कडेला चुंबकं चिकटवायची, सगळ्यांचा एकच ध्रुव बाहेर. शेजारी सेलला जोडलेलं तारेचं वेटोळं आणि रीड स्विच. काचेच्या नळीतला हा स्विच १९३६ साली बेल प्रयोगशाळेतल्या वॉल्टर एलवूड यांनी शोधला. चुंबक जवळ आलं की आतल्या पात्या जुळतात, वेटोळ्यात क्षणभर वीज वाहते आणि चाकाला धक्का बसतो. टिक, टिक, टिक! वीज तुटताना वेटोळ्यात विजेचा मोठा दाब उसळतो. त्याला वाट द्यायला डायोड हवाच, नाहीतर पात्या जळून चिकटतात.

पुण्यातच आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत विज्ञान खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी सेफ्टीपिना आणि सेलची मोटर मुलांच्या हाती दिली. तीच वाट पुढे चालवू या.

मित्रमंडळींत स्पर्धा लावा: एकाच सेलवर कुणाचं चाक जास्त वेळ फिरतं? यातून फुकटची वीज निघते असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. आणि हो, सुटी चुंबकं लहान मुलांपासून लांब ठेवा.