खानावळींतलें घरचें जेवण

रोजच्या जेवणाचें कौतुक घरांत बसून कळत नाहीं. वरणभात, पोळी, पालेभाजी, ताटाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड नि चटणी. एवढ्याची थोरवी कळायला घर सुटावें लागतें. कोंकणांतून आणि साताऱ्याकडून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या पुरुषांना ती लवकरच कळली. बायकामुलें गांवीं, आणि लालबाग-परळच्या चाळींत एका खोलींत पाळीपाळीनें निजणारी कितीतरी माणसें. चूल कोण पेटविणार? अशांसाठीं शेजारची एखादी बाई आपल्याच चुलीवर रांधी. तीच खानावळ! पाटी नाहीं, मेज नाहीं. जमिनीवर ओळीनें बसावें, भाकरी, आमटी, एखादे दिवशीं सुक्या बोंबलाचें कालवण पुढें यावें. कोणाला तिखट सोसत नाहीं, कोण रात्रपाळीहून उशिरां येतो, हें बाईच्या ध्यानांत असे. मोठ्या उपाहारगृहांच्या छापील यादींत हें सांपडायचें नाहीं.

हिशेब पगाराच्या दिवशीं. पण पगारच न झाला तर? १९७३-७४ च्या संपांतही या बायकांनीं उधारीवर जेवूं घातलें. वाण्याची बाकी मात्र त्यांच्याच नांवावर चढे, सावकाराचें व्याज निराळें. हें पाहून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें आणि त्यांना बँकांचें कर्ज मिळवून दिलें. पुढें १९८२ चा संप आला. पुष्कळ गिरण्या पुन्हां नीट चालल्याच नाहींत. ओळीनें बसणारे कित्येक जण गांवीं परतले. त्यांतल्या कोणाची थोडी बाकी एखाद्या बाईच्या वहींत तशीच राहून गेली असेल.