विंचवाचे विष आणि औषधांची झुंज
(जळकोट येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शेतकरी कुटुंबांच्या उपयोगी पडेल असा विषय मी निवडला. आपली भूमी खडकाळ. दगडांचे ढीग, कडब्याच्या गंजी, जुन्या भिंतींच्या भेगा ही विंचवाची घरेच होत. काळा विंचू आकाराने मोठा म्हणून भयंकर वाटतो. परंतु अधिक घातक असतो तो लहानसा लाल विंचू.

आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात. ते आपल्या इच्छेने हालत नाहीत. मज्जातंतूंतून व रक्तातून येणाऱ्या रसायनांच्या हुकमाने आकुंचन वा प्रसरण पावतात. हा हुकूम झेलणारी सूक्ष्म स्थाने पेशींवर असतात. त्यांस ‘ग्राही’ म्हणतात. ही कल्पना केंब्रिजच्या लँग्ली यांनी १९०५ साली मांडली. पुढे १९४८ साली अमेरिकेतील आल्क्विस्ट यांनी ॲड्रिनॅलिनच्या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग दाखविले. तेच ॲड्रिनॅलिन अल्फा ग्राहींद्वारे रक्तवाहिनी आवळते आणि बीटा ग्राहींद्वारे श्वासनलिका सैल करते. रसायन एकच, स्थान निराळे म्हणून फळ निराळे.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमची द्वारे उघडी ठेवते. प्रथम ॲसिटिलकोलिन सुटून घाम, लाळ व ओकाऱ्या सुरू होतात. मागोमाग ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन यांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी भरून रोगी गुदमरतो.

येथे प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते. आपल्या पंगतीचाच दृष्टांत घ्या. पाट मोजके आहेत. नॉरॲड्रिनॅलिन पाटावर बसते आणि जेवते, म्हणजे स्नायू आवळते. प्राझोसिन त्याच अल्फा पाटावर बसते, पण जेवत नाही. केवळ जागा अडविते. स्नायू सैल पडतो व हृदयावरील भार उतरतो. मात्र ही चढाओढ आहे. विषाचा जोर टिकून असेतो औषधाची मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

हा उपचार रूढ करण्याचा मान मराठवाड्याच्या सुपुत्राकडे जातो. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाने दगावणारी मुले त्यांनी पाहिली. रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांची नोंद ठेवली. प्राझोसिनचा त्यांचा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. ते प्रमाण शेकडा १ च्या घरात आले. २०११ साली ७० रोग्यांवरील त्यांच्या अभ्यासात प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो असे दिसले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

आता एक सावधगिरीची गोष्ट. पिकावरील फवारणीच्या काही औषधांची विषबाधा झाल्यास ॲट्रोपिन प्राण वाचविते, कारण तेथे साचलेल्या ॲसिटिलकोलिनचेच पाट अडवावयाचे असतात. लाल विंचवाच्या दंशातही घाम व लाळ दिसते. म्हणून तेच औषध द्यावे असे वाटेल. परंतु तेथे ॲट्रोपिनने घाम थांबतो, नाडी अधिकच धावते आणि ॲड्रिनॅलिनचा जोर मोकाट सुटतो. एका विषावरचे अमृत दुसऱ्या विषात घातक ठरते. बाह्य लक्षण सारखे दिसले म्हणून उपाय सारखा नसतो.

मांत्रिकाविषयीही बोलले पाहिजे. बहुतेक दंशांत केवळ वेदना होतात व त्या आपोआप ओसरतात. यश मात्र मंत्राच्या पदरी पडते. ज्या मुलास दरदरून घाम सुटतो, ओकारी होते, हातपाय गार पडतात, त्याचा प्रत्येक घटका मोलाचा असतो. त्यास तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे. प्राझोसिनने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून ते वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावे आणि रोग्यास निजवून ठेवावे, उठवू नये.

माझी मंडळास नम्र विनंती आहे. आपल्या भागातील आरोग्य केंद्रांत हे स्वल्प किमतीचे औषध नित्य शिल्लक असते की नाही, याची चौकशी उन्हाळ्यापूर्वीच दरवर्षी करावी. समाजसेवेचे याहून सोपे काम मला ठाऊक नाही.