लग्नाचे कर्ज कोणी फेडले?



साखरशेत हे जव्हार-मोखाड्याकडचे गाव. नावात साखर आहे. पण या डोंगरपट्ट्यात पिकते नागली आणि वरई, तीही पावसाच्या भरवशावर. दिवाळी सरली की या भागातील कित्येक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. उचल मिळते ती पुरुषाच्या हाती, मजुरी धरली जाते ती जोडप्याची. बाई चिखल तुडवते, विटा वाहते, शिवाय चूल पेटवते. हिशेबात तिचे नाव नसते. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते आणि तिची शाळा सुटते.

तुम्ही म्हणाल, ही तर गरिबीची गोष्ट झाली. जरा थांबा. वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. हा मान किती पांढरपेशा समाजांनी आपल्या बाईला दिला? तरी याच वारल्यांत लग्नासाठी जमीनदाराचे कर्ज काढले की नवरा त्याचा 'लग्नगडी' होई आणि नवरीही त्याच कर्जापायी मालकाघरी राबे. तिची अब्रूसुद्धा मालकाच्या मर्जीवर. डहाणू-उंबरगावकडची ही हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. मार नवऱ्यालाही बसे. पण तिला जे सोसावे लागे ते त्याला नव्हते. आणि वरच्या जातीतली गरीब बाई तिच्याइतकी उघड्यावर नव्हती. १९४५ साली वारली या पद्धतीविरुद्ध उठले, १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. उचल मात्र राहिली.

आता आपल्या घराकडे वळू. 'आपल्यात जातपात नाही' असे आपण अभिमानाने सांगतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात अश्राफ, अजलाफ, अरजल ही उतरंड नमूद आहे. अहवाल कशाला, सोयरीक जुळवताना बिरादरी कोण विचारतो? मुलीची शाळा थांबवताना आपण कधी अब्रूचे कारण सांगतो, कधी फीचे. भावाची फी मात्र कशीबशी निघतेच.

१८५६ साली माहेरी आजारी असलेल्या सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे फातिमावर कामाचा भार पडत असेल, ही काळजी त्यात आहे. म्हणजे त्या कामात आपली एक मुलगी होती.

पालकहो, यंदा मुलीचा दाखला काढायला आलात तर तिला बरोबर आणा. तिला काय वाटते ते मुख्याध्यापकांसमोर तिलाच बोलू द्या, आणि मग अर्जावर सही करा.